रेघेपलीकडचं माहेर

"तुमचा विश्वास बसायचा नाही, आधीच सांगून ठेवतो," दोरवाले काका म्हणाले, तशी धक्क्यावरच्या शेडमध्ये खसखस पिकली. ही सुरुवात साऱ्यांना पाठ होती. नवी होती ती फक्त बाकावर बसलेली काकांची धाकटी बहीण. कालच बोटीने आलेली. भावाबहिणीची ही जन्मातली पहिली भेट. काल रात्रीपासून काकांनी तिला इकडचं तिकडचं सगळं विचारलं, एक गोष्ट सोडून.

"आमची आई बाळंतपणाला माहेरी गेली, पलीकडच्या बेटावर. इकडे दोन गोऱ्या साहेबांनी भाकरी मोडावी तसा समुद्र वाटून घेतला. मधे रेघ! अरे, बापजाद्यांचं अंगण ते आमचं. तर म्हणे, रेघ ओलांडाल तर होड्या चिरू. अन् चिरल्या की! करवतीने, मधोमध."

"मग तुमच्या बाबांची बरी वाचली?" सुताराने खोडी काढली.

"बुडवली! आमच्यात होडी लपवायची तर दगड भरून पाण्यातच निजवतात. साहेब वर गस्त घालतोय, अन् होडी खाली वर्षानुवर्षं घोरतेय!"

"इतकी वर्षं? खाऱ्या पाण्यातले किडे लाकडाची चाळण करतात, काका."

"तुझ्या लाकडाची करत असतील!" काका तडकले. "मी बाबांच्या कमरेएवढा झालो, तेव्हा एका पहाटे त्यांनी दगड काढले. मला आत्याजवळ ठेवलं. म्हणाले, आईला घेऊन येतो. होकायंत्र नाही, काही नाही. होडीच्या तळाशी पाठ टेकून पडायचं, बेट कुठं ते लाटच पाठीला सांगते. त्यात मागून देवमाशाने दिला एक धक्का! दुपारच्या जेवणाला बाबा सासुरवाडीत हजर."

"आणि परत का नाही आले?"

"सासूने सोडलं तर ना! घरजावई झाला म्हातारा. तिथेच रमला, पोरीला खांद्यावर घेऊन मिरवला..."

एरवी इथे काका डोळा मारत. आज त्यांची नजर बहिणीच्या चेहऱ्यावरून हलेना. तिने मान डोलवावी, नुसतं हसावं तरी. आयुष्यभर मारलेली ही एक थाप तेवढी खरी निघावी.

बहीण हसली नाही. उठून त्यांच्याजवळ येऊन बसली.

"खोटं आहे हे, दादा. बाबा आलेच नाहीत. आई मरेपर्यंत म्हणायची, पोराला टाकून त्यांचा पाय निघत नसेल."