डब्यातली बटणं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक. म्हणूनच मी निवृत्त झाल्यावर पाळकसाहेबांनी मला शिवणमावशींकडे धाडलं असणार. दुपारची त्यांच्यापाशी बसत जा, म्हातारपण कसं काढायचं ते कळेल, म्हणाले. मी मनात म्हटलं, म्हातारपण काय, न शिकताही येतंच की.

मावशी एक्याण्णव वर्षांच्या. उभा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला, आता तीन वर्षं डोळे गेलेले. खोलीत खाट, झाकून ठेवलेली शिलाई मशीन आणि एक पत्र्याचा डबा. कुणी घरापासून तुटलं, कुणी देवाकडे पाठ फिरवली, की त्या माणसाच्या कपड्याचं उरलेलं बटण मावशी डब्यात टाकायच्या. जेवण झालं की एकेक बटण चिमटीत धरून चाचपायचं, नाव घेऊन प्रार्थना करायची आणि झाकणात ठेवायचं. फक्त एका पांढऱ्या बटणापाशी त्या नुसते ओठ हलवत. माझं काम सांडलेलं उचलून देण्याचं.

त्यात काठ तुटलेलं निळं बटण माझ्या मुलाचं, शाळेच्या सदऱ्याचं. त्याच्या वडिलांच्या दफनाला तो उशिरा पोचला, म्हणून चारचौघांत मी त्याला नाही नाही ते बोलले. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, त्याला सहा वर्षं झाली. मी टेलिफोन ऑपरेटर. तीस वर्षं लोकांना त्यांच्या लेकरांशी जोडून दिलं आणि स्वतःच्या लेकाच्या आवाजासाठी झुरतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अजून फोन वाजला की धावत जाते, आणि तो भलत्याच कुणाचा असतो.

परवा त्याचा वाढदिवस होता. मी फोन लावला, त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी मावशींच्या तोंडून त्याचं नाव ऐकणं नको झालं. रोज ऐकायचं आणि रोज आस लावायची, पुरे झालं म्हटलं. त्यांचा हात डब्यात जाण्याआधीच मी निळं बटण काढून मुठीत दाबलं.

सगळी बटणं झाल्यावर मावशींनी डब्याचा तळ चाचपला.

"तुझ्या पोराचं सापडत नाही गं."

पडलं असेल कुठंतरी, मी म्हटलं. त्यांनी रिकामी चिमूट तशीच धरली आणि त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं करताय, परत किती आले, असं मी तोडून विचारलं.

मावशी रागावल्या नाहीत. "कपडा शिवून तयार ठेवायचा, एवढंच आपलं काम. गिऱ्हाईक न्यायला कधी येईल, ते आपल्या हातात असतं का?"

मग झाकणातलं ते पांढरं बटण शोधून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. हाताळून हाताळून पार पातळ झालेलं. कुणाचं, मी विचारलं.

"तुझं. आई गेल्यावर देवाशी भांडलीस आणि अकरा वर्षं चर्चची पायरी चढली नाहीस. आठवतं?"

"पण मी तर कधीच परत आले, मावशी."

"आलीस. राग बरोबर घेऊन आलीस, म्हणून अजून डब्यात आहेस."

मला हसूही आलं आणि रडूही. मी मूठ उघडून निळं बटण त्यांच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी माझीच बोटं मिटवली. आज तू घे नाव, म्हणाल्या.

सहा वर्षांत पहिल्यांदा मी ते रागावाचून घेतलं. आणि तो मला इतका हवाहवासा झाला, की मी त्याचं नाव पुन्हा एकदा घेतलं.