पहाटेचा पैलवान

तानाबाईनं काळी पडलेली तांब्याची घागर लालासाबच्या भट्टीपुढं धाडकन ठेवली. कल्हईला आणली असेल म्हणून त्यानं हात पुढं केला.

"घागर ऱ्हाऊ दे. आदी आमचं मालक कुठं गेलं ते सांगा."

लालासाबनं भाता थांबवला. तिचे मालक, कृष्णात पैलवान, जाऊन वर्ष होत आलं होतं.

पोटापुरती कल्हई आणि मनापुरती शाहिरी असं लालासाबचं चाललं होतं. पेठेत कुणी गेलं की चार माणसांत त्याचं कवन ठरलेलं आणि कवनात गेलेल्याला आभाळात जागा ठरलेली. कुणाला सप्तर्षी, कुणाला मृग. आभाळ काही त्याच्या बापाचं नव्हतं, पण वाटताना हात सढळ होता. कृष्णातला त्यानं पहाटेची शुक्राची चांदणी दिली होती:

गेला म्हणू नका बाई, त्यानं आखाडा बदलला,
पहाटेच्या चांदणीत पैलवान घुमू लागला.

"रोज पहाटं उठून बघतो मी," तानाबाई म्हणाली. "त्येंचं तोंड बघायचं, मग चूल पेटवायची. दोन महिनं झालं, दिसंनात. आन् काल शाळेचं मास्तर म्हणालं, ती चांदणी आता सांजची दिसती."

"मग गावली की!"

"गावली! सांजची चांदणी कुणाला दिलीसा?"

लालासाबचा चेहरा उतरला. सांजची चांदणी त्यानं दीड वर्षापूर्वी केरबा पैलवान गेला तेव्हा त्याला दिली होती. त्याआधी शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेच्या नव्या मैदानात कृष्णात आणि केरबा दीड तास भिडले होते, कुस्ती बरोबरीत सुटली आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. पहाटेची आणि सांजेची चांदणी एकच, हे शाहिराच्या गावीही नव्हतं. कवन करताना पंचांग कोण बघतो?

"जित्तेपणी ज्येच्या दारात पाय ठेवला न्हाई, त्येच्यासंगं एका चांदणीत? चला उठा. धोंडुबाईम्होरं सांगा, चांदणी कुणाची ती."

केरबाची बायको धोंडुबाई घरामागच्या परड्यात वाळलेल्या शेणाच्या शेणी रचत होती. दिवस नुकताच मावळला होता आणि पश्चिमेला शुक्र भलताच ठसठशीत दिसत होता. लालासाबनं खाकरून, घाम पुसून, आपली चूक सांगितली. धोंडुबाईचे हात थांबले नाहीत.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?" तानाबाईनं विचारलं.

"दोन्ही एकच हाईत ते. गेल्या साली आमची चांदणी सांजची दिसायची बंद झाली. लई रडलो. मग एक दिस पहाटं म्हशीला वैरण टाकाया उठलो, तर तुमच्या छपरावर ही उभी! आन् खाली अंगणात तुम्ही. वर बघत."

"मग भांडाया का आला न्हाईसा?"

"तुमचं दुःख नवं हुतं. म्हटलं, बघू दे बाईला. आन् आमचं मालक तसंबी पहाटं कदी उठलं न्हाईत."

तानाबाईला खुदकन हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. इतके महिने आपण जे तोंड बघत होतो ते दुसऱ्या बाईनं न बोलता आपल्यासाठी सोडलं होतं, हे कळून तिला शरमल्यासारखं झालं. तिनं मनात आणलेलं सगळं भांडण मनातच राहिलं.

"पहाटंला माघारी येतंय," धोंडुबाई म्हणाली. "मला सांजची दिसाया अकरा महिनं लागलं. पर येतंय."

लालासाबला एवढ्यात दोन ओळी सुचल्या होत्या. त्यानं कानावर हात ठेवून सूर लावला.

"शाहीर, तुम्ही गप ऱ्हावा!" दोघी एकदम ओरडल्या.

तानाबाईनं पदरानं नाक पुसलं.

"अजून किती दिस सांजची हाय ही?"

"सात-आठ महिनं असंल."

"तवर..." तानाबाई अडखळली. "तवर सांजचं मी हितं आलो तर चालंल?"

धोंडुबाईनं शेणींची पाटी बाजूला सरकवली आणि तिला बसायला जागा केली.