आख्खा चंद्र

केडगावच्या काकासाहेबांनी लष्करातून निवृत्त झाल्यावर रीतसर परवाना काढून एक जुनं अमेरिकन रिव्हॉल्व्हर घेतलं. नेम अचूक, पण त्याच्या काडतुसांना बुडाशी कड नव्हती. बार काढल्यावर रिकाम्या पुंगळ्या आपसूक निघत नसत. एकेक काडीनं ढकलावी लागे. नगरच्या रायफल क्लबच्या स्पर्धेत सहा बार काढून, पुन्हा भरून आणखी सहा काढायचे असत. गेल्या साली काकासाहेब पुंगळ्या ढकलत असतानाच शिट्टी वाजली होती.

बाहत्तर सालच्या स्पर्धेत त्यांची सून मनकर्णा उतरणार होती. तिनं क्लबातच नेमबाजी शिकून घेतली होती. रिव्हॉल्व्हरची पेटी पुसताना तिला तळाशी चंद्रकोरीसारखे दोन पत्रे सापडले. खाचेत काडतूस घालून पाहिलं तर टचकन बसलं. एकेका कोरीत तीन.

"मामा, ह्ये काडतुसं एकत्र धरायलाच हाय," ती सासऱ्यांना म्हणाली.

तिचा नवरा गोरक्षनाथ वर्कशॉपात फिटर होता. त्यानं कोर हातात फिरवली. "दोन अर्धे कशाला? आख्खा चंद्रच करू की."

त्यानं कापलेल्या चार-पाच गोल चकत्या वाया गेल्यावर दोन जमल्या. चकतीत सहाही काडतुसं एकदम भरायची, एकदम काढायची. सरावात मनकर्णाचा हात इतका चालायला लागला की काकासाहेब घड्याळाकडं बघायचंच विसरत.

स्पर्धेच्या दिवशी पंचांनी चकती उलटसुलट पाहिली आणि मान डोलावली. नियमात मनाई नव्हती.

शिट्टी झाली. पहिले सहा बार नीट गेले. मनकर्णानं रिकामी चकती पाडली, दुसरीला हात घातला, आणि ती निसटून फरशीवर आपटली. तिनं उचलून भरली. पण रिव्हॉल्व्हरचं काडतुसांचं चक्र मिटेना. चकती वाकली होती.

पलीकडं पोलीस हवालदार श्रीमंत एकेक काडतूस भरत होता. त्याची चार झाली होती. तिनं चकती काढून टाकली आणि दुसऱ्या खिशात हात घातला. सकाळी काकासाहेबांनी बळंच दिलेल्या त्या दोन कोरी, काडतुसं लावून तयार. एक बसली. दुसरी बसली. चक्र मिटलं.

शेवटचा बार आणि शिट्टी एकदमच वाजली.

श्रीमंत एका गुणानं पहिला आला, मनकर्णा दुसरी. निकाल ऐकून काकासाहेब हसतच सुटले.

"मामा, दुसरा नंबर हाय," ती म्हणाली.

"व्हय, ऐकलं की. पण पोरी, बाराच्या बारा बार गेले."

तेवढ्यात श्रीमंत स्वतःच त्यांच्याकडं आला. वाकलेली चकती त्याच्या हातात होती. "वहिनी, ह्ये कुनी बनवलं?" त्यानं विचारलं. मनकर्णानं गर्दीत मागं उभ्या असलेल्या गोरक्षनाथाला हात करून पुढं बोलावलं.