कानाला दोन खाचा असलेलं अस्वल

मी तीन पायांची बिडाची हंडी बोलतेय. हो, काचेच्या पेटीतली. मला खुशाल वाकून बघा, पण शेजारच्या पाटीवर विश्वास ठेवू नका. म्हणे, 'शूर ओबेडने मारलेलं अस्वल हिच्यात शिजलं, शेजारी जेथ्रोने चाखलं'!

व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून केंटकीत आले ती ओबेडच्या बायकोच्या, केझायाच्या पाठीवर बसून. ओबेडच्या खांद्यावर बंदूक होती. बंदूक हलकी असते.

तिथे सगळ्यांची डुकरं जंगलात मोकळी चरत. ओळख काय ती कानावरच्या खाचांची. आमची एक, जेथ्रोच्या दोन. दुसऱ्याचं डुक्कर मारलं तर भर चौकात चाबकाने पाठ सोलून निघे.

एका धुक्याच्या सकाळी ओबेडने अस्वल पाडलं. जवळ जाऊन बघतो तर डुक्कर. कानाला दोन खाचा!

"केझाया, मेलो गं!"

तिने कापलेला कान उजेडात धरला आणि हसली. "लाकडं आणा, शूरवीर." मग कानासकट सगळं माझ्या पोटात.

वास जेथ्रोच्या नाकापर्यंत गेलाच. आला, दारात उभा राहिला. "माझं एक डुक्कर सापडत नाहीये. काय शिजतंय, वहिनी?"

"अस्वल!" ओबेड असा ओरडला की माझं झाकण हललं.

"बसा की, भावजी." केझायाने पळी फिरवून नेमका तो कान त्याला वाढला. ओबेडचा चेहरा पिठासारखा पांढरा.

जेथ्रोने खाचा बघितल्या. "अस्वलांनाही खाचा पाडता वाटतं तुम्ही?"

"आम्ही एकच पाडतो, भावजी. या कानावर ती होतीच, जुनी, भरून आलेली. दुसरी मात्र ताजी होती, खपली धरलेली. आमच्या डुकरामागे सुरी घेऊन कोण फिरतं, चौकात विचारू या का?"

जेथ्रोने कान तोंडात टाकला. कुरुम, कुरुम. बराच वेळ चावत बसला.

"झकास अस्वल आहे, वहिनी. अजून थोडं वाढा."

पुढे आमची मुलगी त्याच्याच घरी सून म्हणून गेली. आता दर उन्हाळ्यात दोन्हीकडची पिल्लावळ माझ्यापुढे जमते, छाती फुगवून अस्वलाची गोष्ट सांगते. दर वर्षी अस्वल वीतभर उंच होतं. होऊ दे बापडं. पण पाटीवर ओबेड आहे, जेथ्रो आहे, अस्वलसुद्धा आहे. मला पाठीवर वाहणारी, नवऱ्याची पाठ वाचवणारी केझाया कुठेच नाही.

तेवढं तिचं नाव घाला, बायांनो. अस्वल राहू दे. जागा कमी पडली तर ओबेडला पुसा.