अरबी पेल्याचा दृष्टांत

मस्कतमध्ये, अल हैलला किशोरीताईंच्या दिवाणखान्यात एकादशीचं कीर्तन रंगात आलं होतं, आणि साथीला पेटीवर बसलेली जयवंती ताईंकडे बघतच राहिली होती. ताई जो दृष्टांत सांगत होत्या, तो तिचा होता.

लेकीच्या, मनालीच्या, फ्रेंचच्या गृहपाठात कपाला ‘तास’ म्हटलेलं पाहून ती चमकली होती. शेजारच्या ओमानी आजी पाण्याच्या वाडग्याला तासा म्हणायच्या, तोच हा! मग ती खणतच गेली. शब्द फारसीतून अरबीत आला, अरबांबरोबर स्पेनला गेला, व्यापाराच्या वाटेने इटलीत, पुढे फ्रान्समध्ये, जर्मनांच्या घरात. ज्याने त्याने त्यात आपापलं ओतलं. तहान मात्र सगळीकडे तीच. भगवंताचं नाव तसंच की! पुढच्या एकादशीला जयवंती आयुष्यात पहिल्यांदा नारदाच्या गादीवर उभी राहणार होती, ती एवढ्या एका दृष्टांताच्या जोरावर. विश्वासाने तिने तो एकाच माणसाला म्हणून दाखवला होता. ‘जर्मनी’ म्हणताना हात कसा लांब न्यायचा, हे ताईंनीच शिकवलेलं. आता तोच हात तस्साच लांब गेला.

भाता सोडून उठावं, असं तिच्या मनात आलं. पण कीर्तन मध्येच मोडायचं? ते काय ताईंचं होतं? देवाचं होतं. तिने सूर धरून ठेवला.

मध्यंतरात ताईंना हार घालताना रुवीहून आलेले शांतारामकाका अगदी भरून आले होते. “ताई, हे कुठनं हो काढलंत?”

ताईंनी पेटीकडे एकदा पाहिलं. “वाचता वाचता सापडलं, काका.”

आरती झाली. गादीवरच्या कीर्तनकाराच्या सगळ्यांनी पाया पडायचं आणि त्याने उराशी धरायचं, ही रीतच. जयवंतीची पाळी आली, तसं ताई हळूच म्हणाल्या, “रागावलीस होय? अगं, तुला चार माणसांत बोलायला कुठे सुचतं? वाया गेलं असतं ते. तुला दुसरं देईन ना बसवून.”

जयवंती वाकली. ताईंची पावलं टाळून तिने गादीवर डोकं टेकलं.

“हा नमस्कार गादीला, ताई. पुढच्या एकादशीला मी उभी राहणारच. काय सांगणार, ते मात्र आता कुणाला सांगायची नाही.”

ताईंनी पसरलेले हात तसेच राहिले. जयवंती मनालीला हाक मारत दारातल्या चपला शोधायला गेली.