तीस फटके आणि काळं कापड

सटाक्! पट्टा पाठीवर बसला आणि शेडमधली दोनशे माणसं एकदम ओरडली, "निघाला! धूर निघाला!"

मधोमध गुडघ्यांवर बसलेला माणूस माझा पेशंट होता. लेथवर काम करणारा, घशाचा कॅन्सर, सोमवारपासून रेडिएशन. मी कॅन्सर हॉस्पिटलातली सिस्टर. पेशंटची सिगारेट सोडवणं हेच माझं काम. त्याची बायको कापड रंगवण्याच्या कारखान्यात जाते. तिचाच फोन आला होता, "लवकर या, मारून टाकतील हो त्यांना!"

"किती वर्षं ओढलीस?" पट्ट्यानं व्यसन उतरवणारे पट्टेबाबा गरजले.

"तीस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मग तीस फटके! एक फटका, एक वर्ष साफ! डॉक्टर फांद्या छाटतात, आम्ही मुळावर घाव घालतो!"

हिशेब सोपा होता. पन्नास वर्षं ओढणाऱ्यानं मृत्युपत्र करूनच यावं.

दर दहा फटक्यांनी चेला त्याला तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरायला लावी आणि पिवळट कापडावर थुंकायला सांगी. कापड बघता बघता काळंकुट्ट होई. "हे पाहा पोटातलं डांबर!" म्हटलं की माणसं हात जोडत. माझ्या पेशंटचा शर्ट फाटला होता, पाठीवरून रक्त ओघळत होतं. मी पुढे घुसले तर चेल्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला.

"सोडा त्याला! मरेल तो!"

पेशंटनंच मान वर केली. "मारू द्या, सिस्टर. तुम्हीच म्हणालात ना, आपल्या हातानं ओढवून घेतलंय."

हो, म्हणाले होते. गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा त्याच्या खिशात पाकीट सापडलं तेव्हा माझा तोल सुटला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याची बायको मात्र त्या कापडाकडेच पाहत होती. मग तिनं स्वतःची काळी नखं पाहिली आणि झेप घेऊन तांब्या हिसकावला. बाबांचा पट्टा तिच्या तोंडावर बसला, गाल फाटला. तिनं तांब्या सोडला नाही. चूळ भरली आणि नव्या कापडावर थुंकली. कापड काळं!

"मी जन्मात सिगारेट ओढलेली नाही!" ती किंचाळली. "कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलंय आणि तांब्यात हिराकस आहे, लोखंडाचा क्षार. दोन्ही भेटले की काळं होतं. आम्ही रोज असंच काळं रंगवतो!"

"बाईच्या अंगात धूर शिरला!" बाबांनी पुन्हा पट्टा उचलला.

गेल्या आठवड्यात चाळीस फटके खाल्लेला एक म्हातारा उठला. त्यानं तांब्यातलं पाणी नुसतंच कापडावर ओतलं. पुन्हा काळं. मग खुर्च्या उडाल्या. बाबांचं नाक फुटलं, दोन दात जमिनीवर पडले. माझेही हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू? पण मी बाबांच्या पुढे आडवी उभी राहिले. "पुरे! मारून काही निघत नाही, हे आत्ताच पाहिलंत ना?" पोलीस आले, तेव्हा बाबा माझ्या पाठीमागे लपले होते.

सोमवारी हॉस्पिटलच्या दारात माझ्या पेशंटनं खिशातून सिगारेट काढली. "आता रागवा, सिस्टर."

"नाही. त्या दिवशी बोलले ते चुकलंच माझं. बसा इथं. तलफ दहा-पंधरा मिनिटांत ओसरते."

मी त्याच्या दंडावर निकोटिनची पट्टी चिकटवली. गालाला टाके घातलेली बायको शेजारी बसून राहिली.

सिगारेटची सवय हे भूत नाही आणि शिक्षा भोगायचं पापही नाही. शरीराला निकोटिन लागतं, आणि त्यावर औषध आहे. कॅन्सर झाल्यावरही सोडण्यात अर्थ असतो: उपचार जास्त लागू पडतात, जखमा लवकर भरतात. तुमच्या घरात असा कुणी असेल तर त्याला बाबाकडे नेऊ नका, डॉक्टरांना विचारा. आणि टोमणे मारू नका. फटक्यांकडे तो टोमण्यांमुळेच जातो.

थोड्या वेळानं त्यानं सिगारेट माझ्या हातात दिली. "पुन्हा ओढली तर?"

"तर पुन्हा या," मी म्हटलं. "आम्ही मोजत नाही."