मे महिन्यातला हिमालय

नाशिकात हिमालय उभा करायचा, आणि तोही ऐन मे महिन्यात, ही अक्कल सावळीराम शेठची. शेठ कसला, जत्रेजत्रेतून हसवणारे आरसे आणि आकाशपाळणा घेऊन हिंडणारा गडी. पण डोकं असं की उद्या गोदावरी उलटी वाहायला लागली तर हा आधी काठावर तिकिटाची खिडकी लावील. एकोणऐंशी साली गंगापूर रोडच्या मोकळ्या मैदानावर उन्हाळी प्रदर्शन भरलं, तिथं त्यानं बांबूंचा सांगाडा ठोकला. सांगाड्यावर फळ्या, फळ्यांवर पत्रे, पत्र्यांवर गोणपाट. दुमजली घराएवढी उंच उतरण झाली आणि वर पाटी लागली, 'हिमालय दर्शन व बर्फाची घसरगुंडी'. राहिला फक्त बर्फ. त्यासाठी शेठ सहादू मिस्तरीकडं आला.

सहादू म्हणजे जुन्या आग्रा रोडवरच्या बर्फाच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. मिठाच्या पाण्याच्या टाकीत पत्र्याचे डबे सोडायचे, डब्यातलं गोडं पाणी गोठलं की लादी उपटून काढायची, हे काम तो डोळे मिटून करायचा. तेही उघड्या हातानं. नवे गडी हाताला फडकी बांधायचे तेव्हा हा हसायचा. त्याचा बर्फ लग्नातल्या सरबतात गेला, मासळीच्या पेट्यांत गेला, पाहुणे यायला उशीर झाला की मयताच्या अंगाखालीही गेला. पण सगळा बर्फ काचेसारखा आरपार. पांढराशुभ्र डोंगर त्यानं कधी केला नव्हता, बघितलाही नव्हता.

तरी त्यानं हो म्हटलं, आणि ते काही शेठच्या गोड बोलण्याला भुलून नव्हे. घरात त्याचा एकुलता एक मुलगा मल्हारी दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता.

मल्हारी लष्करात होता, लडाखच्या बाजूला. परत आला तो डाव्या पायाची पाचही बोटं तिकडं ठेवून. "थंडीनं गेली," एवढंच म्हणाला. आता बापानं अशा वेळी पोराच्या पाठीवरून हात फिरवावा की नाही? पण आमचे मिस्तरी पडले बर्फातले दादा माणूस. पायाकडं बघत म्हणाले, "मी जन्मभर बर्फात हाय, माझं एक नख नाय गेलं." झालं. त्या दिवसापासून मल्हारीनं बापाला हाक मारली नाही. एका ताटलीतली भाकर दोघं खायचे, पण निरोप सगळे आईच्या हाती. "आई, त्यांना सांग, नळ आलाय." बाप दोन हातांवर बसलेला, त्याला ऐकू जातंय, तरी भिमाबाई इमानानं मान वळवून सांगायची, "अहो, नळ आलाय म्हणतोय."

सहादूला स्वतःचा तो शब्द रोज टोचायचा. पण मागं कसा घ्यायचा हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याला वाटलं, पोरगं बर्फातनं आलंय, बापानं बर्फाचा डोंगर केला तर निदान बघायला येईल. आलं तर काहीतरी बोलेल. एकदा 'आबा' म्हणालं तरी पुरे होतं.

मग त्यानं कंबर कसली. लाद्या फोडून चुरा करायला देवळ्याकडची एक जुनी कडबाकुट्टी आणली. ज्या पात्यांनी जनावरांचा चारा कापायचा त्यांच्यात लादीचे तुकडे घातले, आणि पलीकडून जे भुरभुरत पडलं ते बघून तो जागचा हलला नाही. त्याचाच काचेसारखा बर्फ पिठासारखा पांढरा होऊन पडत होता. त्यानं ओंजळ भरली. ती मुठीत दाबली की लाडवासारखी वळत होती. इतकी वर्षं ही गोष्ट आपल्या हाताखाली होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं त्याला नवल वाटत राहिलं.

पहिल्या संध्याकाळी पडदा बाजूला सारला तेव्हा मैदानातला गलका बसला. दिवसभर अंगाची लाही झालेली माणसं, मागं तापलेली धूळ, आणि समोर हा पांढरा उतार, वरून थंड वाफ खाली येतेय. सायखेड्याहून आलेला एक म्हातारा पुढं झाला, त्यानं बोट लावलं, ते जिभेवर ठेवलं आणि मागं वळून घरच्यांना म्हणाला, "खरं हाय." मग एकच झुंबड उडाली. लोक लाकडी पाटावर बसून वरून सुटायचे आणि खाली भुशाच्या ढिगात जाऊन पडायचे. बायका मात्र घसरत नसत. त्या पायथ्याशी चपला काढून ठेवत, अनवाणी पायानं बर्फावर उभ्या राहत आणि वाकून हात लावून तो कपाळाला लावत. शेठनं पाटीवर हिमालय लिहिलं होतं ना, मग हिमालयावर चपला घालून कोण चढेल?

डोंगर उभा करणं सोपं, तो टिकवणं म्हणजे रोजचा जुगार. चुरा लवकर टाकला तर दिवस बुडायच्या आत पाणी, उशिरा टाकला तर दारात लोकांची बोंब. सहादू दुपारभर भोवतीच्या वाळ्याच्या पडद्यांजवळ उभा राहून वारं बघायचा. पश्चिमेचा कोरडा वारा असला की ओले पडदे गार पडत, मग ऊन कितीही असो, त्याचा डोंगर धरून राही. पण मळभ आलं, हवा कोंदली, की पडद्यांतला गारवा मरायचा आणि बर्फाची खिचडी व्हायची. शेठ कानाशी येऊन भुणभुणायचा, "मिस्तरी, टाकायचा का?" सहादू म्हणायचा, "थांबा." असं थांबा म्हणण्यात राजासारखी ऐट होती, आणि ती त्याला आवडायला लागली होती. फक्त मल्हारी काही आला नाही. भिमाबाईनं दोनदा विषय काढला तर उठून बाहेर गेला.

बुद्धपौर्णिमेला सुट्टी. विहारात वंदना झाली की सगळी वस्ती हिमालय बघायला जाणार असं बायकांनी ठरवलं, आणि भिमाबाईनं पोराला बजावलं, "मला तिथवर सोडायला तरी ये. आत नको येऊस." आईचा शब्द त्यानं मोडला नाही. सहादूला हे कळलं आणि त्या दिवशी त्यानं धुतलेली बंडी घातली.

नेमका त्याच दिवशी घात झाला. सकाळपासून मळभ, पान हलेना. टाकलेला चुरा बघता बघता ओला झाला, पाट मध्येच रुतायला लागले. शेठनं डोक्याला हात लावला. सहादूनं उताराकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं. आज पोरगं येणार आणि बापाचा हिमालय गटारासारखा वाहणार? तेव्हा त्याला मीठ आठवलं. आइस्क्रीमच्या भांड्याभोवती बर्फात खडेमीठ टाकतात, कारखान्याची टाकी मिठाच्याच पाण्यावर चालते. मिठानं गारवा वाढतो हे त्याला पक्कं ठाऊक. त्यानं मिठाची पोती मागवली आणि मुठीमुठीनं उतारावर फेकली, शेतात बी फेकावं तशी.

आणि चमत्कार झाला. काही वेळात तो लिबलिबीत बर्फ कडक झाला, वर चकाकी आली, पाट टाकला की बाणासारखा सुटायला लागला. लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले. शेठनं त्याच्या पायालाच हात लावला. एवढं मोठं आपल्या हातून झालं या विचारानं सहादूचे डोळे भरून आले. मिठाचं जे खारं, जहाल गार पाणी उतारावरून झिरपत होतं ते कुठं जातंय, हे मात्र त्यानं बघितलं नाही. ते पायथ्याशी साचत होतं, चुऱ्यात मुरत होतं, जिथं बायका चपला काढून उभ्या राहत तिथंच.

दिवस मावळायला वस्तीच्या बायका पांढरी लुगडी नेसून आल्या. पांढऱ्या डोंगरापाशी पांढऱ्या बायका, मोठं देखणं दिसत होतं. मल्हारी कुंपणाबाहेर पाठ फिरवून उभा राहिला. भिमाबाईनं चपला काढल्या आणि बर्फात पाय ठेवला. बाकीच्या बायका "आई गं, चावतंय" म्हणत, हसत लगेच बाहेर आल्या. ती आली नाही. हात जोडून, डोळे मिटून तशीच उभी राहिली.

सहादू वरून उतरून तिच्याजवळ गेला. "अगं, बस की आता. मागं लोक थांबलेत."

"थांबा थोडं," ती म्हणाली. "माझं पोर दिवसदिवस उभं असंल. मला बघू द्या, कसं असतं."

तो मागच्यांना हातानं थांबवून तिच्याकडं बघत राहिला. त्यालाही ते बघावंसं वाटत होतं. बऱ्याच वेळानं ती डोळे उघडून नवलानं म्हणाली, "अहो, आधी लय चावत होतं. आता काहीच दुखत नाय. पाय हायेत का नाय तेच कळंना."

हे तिनं मोठ्यानं म्हटलं, आणि कुंपणाबाहेर मल्हारीनं ते ऐकलं. तो वळला. लंगडत्या पायानं लोकांना ढकलत, कुंपणाची दोरी ओलांडत तो जो धावत आला, त्यानं आईला लहान पोरासारखं उचललं आणि बाहेर भुशावर बसवलं. तिचे पाय मेणासारखे पांढरेफटक पडले होते. त्यानं ओला चुरा बोटानं चाखला, थुंकला आणि एकदा बापाकडं बघितलं.

सहादू गुडघ्यावर बसून तिचे तळवे चोळायला गेला. "चोळू नका," मल्हारी ओरडला. शेठ स्टोव्ह घेऊन पळत आला. मल्हारीनं त्यालाही अडवलं, "शेकू पण नका. कातडी निघून येईल." दोन वर्षांत पोरगं बापाशी पहिल्यांदा बोललं आणि तेही दटावून, पण सहादूला त्याचं काही वाटलं नाही. त्याची नजर त्या पांढऱ्या बोटांवरून हटत नव्हती. बर्फानं असं होतं, त्याच्या बर्फानं, आणि इतक्या गुपचूप होतं.

मल्हारीनं सदऱ्याची बटणं तोडली. आईचा उजवा पाय त्यानं स्वतःच्या उघड्या पोटाला लावला, वरून सदरा लपेटला. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला तरी पाय सोडला नाही. मग मान वर न करता म्हणाला, "आबा, बघताय काय? दुसरा पाय घ्या पोटाशी."

सहादूनं बंडी वर केली आणि पाय घेतला. आयुष्यभर त्यानं लाद्या उचलल्या होत्या, पण लादी घ्यायची आणि टाकायची. माणसाच्या आत शिरून बसलेली थंडी त्याला ठाऊकच नव्हती. ती पोटातून पाठीपर्यंत गेली, आणि त्याला त्या एवढ्याशा पायाची भीती वाटली, डोंगराची वाटावी तशी.

"असेच माझे पाय धरले होते एकानं," मल्हारी बोलायला लागला. आवाज अगदी साधा. "माझा जोडीदार. वादळात चौकीवर अडकलो दोघंच. मलाबी आईसारखंच वाटलं, दुखायचं थांबलं, बरं झालं. त्यानं ओळखलं. रात्रभर पोटाशी धरून बसला, म्हणून एका पायाची बोटंच गेली, दुसऱ्याला तेवढंबी नाय झालं."

"आणि तो रे?" भिमाबाईनं विचारलं.

"त्याचे धरायची पाळी माझी होती. मला झोप लागली." त्यानं आईच्या पायाभोवती सदरा आणखी घट्ट ओढला. "सकाळी तो बसलेलाच होता. माझे पाय सोडवून घ्यायला लागले त्याच्या हातातनं."

वर उतारावर पाट घेऊन बसलेला माणूसही तसाच बसून राहिला. सहादूला आपला तो जुना शब्द आठवला, आणि आज तो शब्द गिळायची, मागं घ्यायची, कशाचीच वाट उरली नाही असं वाटलं.

बऱ्याच वेळानं भिमाबाई कळवळली. "दुखतंय रे. आग व्हायला लागली. लय दुखतंय."

"दुखतंय ना?" मल्हारीचा चेहरा उजळला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "दुखू दे आई. रगत यायला लागलं. आता काय होत नाय."

पांढऱ्या बोटांवर खरंच लाली चढत होती. सहादूनं तिचा पाय आपल्या उपरण्यात गुंडाळून हळू खाली ठेवला. मग तो सरकून मल्हारीपुढं बसला आणि त्याच्या डाव्या बुटाची नाडी सोडायला लागला. बुटाच्या टोकाला कापूस कोंबलेला होता, तो त्यानं काढून बाजूला ठेवला.

मल्हारीनं पाय मागं ओढला नाही. "आबा," तो म्हणाला, "आता तिथं काय राह्यलंय?"

"असू दे," सहादू म्हणाला, आणि तो बोटं नसलेला पाय त्यानं बंडी वर करून पोटाशी घेतला.